दंडारवाले साहेब

साहेब शिंगाडा सोलायचे थांबले, की अख्ख्या कचेरीचे हात थांबत. टेबलाच्या डाव्या खणात उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी कायम असायची. समोरचा माणूस आपली कैफियत सांगत असायचा आणि साहेब खाली मान घालून नखानं साल काढत ऐकत असायचे. मध्येच बोटं थांबली, की समजायचं, कोणीतरी काहीतरी खोटं बोललं. मग गर्जना होई, किंवा साहेब उठून खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळत आणि त्याच माणसाची त्याच्यासमोर हुबेहूब नक्कल करत. ते खरंच चिडलेत की नाटक चाललंय, हे नोकरीत केस पिकवलेल्या बडे बाबूंनाही कळत नसे. त्यामुळे त्या कचेरीत कोणी मोकळेपणानं हसत नसे. हसावं आणि नेमका तो राग खरा निघावा, याची सगळ्यांनाच धास्ती.

आमच्या भागात धान घरी आला की गावोगाव दंडारी होतात, रात्र-रात्र सोंगं नाचतात. त्यावरून लोकांनी त्यांचं नाव पाडलं होतं, दंडारवाले साहेब. ते मूळचे कोकणातले. भंडाऱ्याकडे बदली म्हणजे शिक्षा, असं तिकडे समजतात, आणि त्यांना ती शिक्षा म्हणूनच मिळाली होती. कशाची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण वर्षभर अर्जदारांचं ऐकून ऐकून आमची बोली त्यांनी अशी उचलली होती, की आमचेच लोक चकित होत. मी कॉलेजसाठी भंडाऱ्याला राहायला गेल्यापासून 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' करायला लागले होते. एकदा साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काहून वो बाई, तुह्या गावची भाषा बसस्टँडवर ठेवून आली काय?" मी तोंड पाडून बसले. एका कोकण्यानं मला माझ्या मायच्या बोलीवरून टोचावं, याचा फार राग आला होता.

मी त्या कचेरीत कशी, ते सांगते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मला पुढारी व्हायचं होतं. माझे बाबा करडीकडच्या एका गावचे सरपंच. आमच्या ओसरीवर मी लहानपणापासून पुढारी पाहत आले होते, आणि ते बोलतात त्यापेक्षा मी बरं बोलेन अशी माझी खात्री होती. आमच्या राज्यशास्त्राच्या सरांच्या डोक्यात एक कल्पना होती. ज्यांना राजकारणात जायचंय त्या पोरांनी आधी सरकारी कचेरीत महिना-दोन महिने बसून पाहावं. सरांनी खटपट करून परवानगी मिळवली आणि आम्हा दोघांना आमच्या तहसील कचेरीत पाठवलं. मी, आणि सिहोऱ्याचा एक मुलगा. तो कॉलेजच्या निवडणुकीत निवडून आलेला, भाषणात पटाईत. बाबा खूश झाले. "आता कचेरीत आपला मानूस हाये," असं त्यांनी चावडीवर सांगूनही टाकलं.

साहेबांनी पहिल्या दिवशी आम्हाला आतच घेतलं नाही. बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवलं. "तिथं बसा अर्जदारांमध्ये. काही विचारू नका, काही सांगू नका." आठवडा उलटून गेला तरी आम्ही बाकावर. शेजारी बिड्या, पिशव्या, लेकुरवाळ्या बाया. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या आणि बंद झालं की खाली. आमच्याही होऊ लागल्या. सिहोऱ्याचा मुलगा म्हणाला, "हे काय शिक्षण आहे?" ते आत ऐकू गेलं असावं, कारण आमचा बाकावरचा मुक्काम आणखी वाढला.

मग आत घेतलं आणि खेळ सुरू झाला. साहेब रोज सकाळी आमच्यापैकी एकाला स्वतःच्या खुर्चीत बसवत आणि स्वतः अर्जदार होऊन दारातून येत. कधी जमिनीच्या वाटणीत लुबाडलेला धाकटा भाऊ, कधी दमदाटी करणारा पुढारी. खुर्चीतल्यानं उत्तर द्यायचं. एकच अट होती: 'पाहू' म्हणायचं नाही. "हो म्हण, नाही म्हण. 'पाहू' म्हणजे माणसाला परत बाकावर बसवणं," असं ते म्हणत. 'पाहू' आणि 'होऊन जाईल' हे दोन शब्द कचेरीतल्या कोणाच्या तोंडून निघाले, की ते टेबलावर थाप मारत आणि पेनं उडत.

सिहोऱ्याच्या मुलाची सवय जाता जाईना. एकदा साहेब निराधार म्हातारी होऊन आले, टॉवेलचा पदर घेऊन, कमरेत वाकून. हा भाषणाच्या सुरात म्हणाला, "आजी, काळजी करू नका, होऊन जाईल तुमचं काम." म्हातारीनं त्याच्या पायाला हात लावला आणि गेली. त्याला वाटलं, संपलं. दुपारी चहाच्या टपरीवर साहेब मागून आले, तसेच वाकून. "बाबू, झालं का माझं काम?" संध्याकाळी सायकलच्या आडवे आले. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. भर रस्त्यात, लोकांसमोर, एक तहसीलदार कमरेत वाकून हात जोडून उभा. "बाबू, तू बोल्ला होतास नं? मी कवा येऊ?" पहिल्यांदा पोरगा हसला. मग चिडला. शेवटी खोलीच्या दारात त्यांना पाहून रडायलाच लागला आणि ओरडला, "नाही होणार! तुमचं काम नाही होणार! कागदच नाहीत तुमच्याजवळ!" साहेब ताठ झाले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "हे तीन दिवसांपूर्वी सांगितलं असतंस तर म्हातारीचे एवढे हेलपाटे वाचले असते." तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही. पुढे तो चांगला मोठा पुढारी झाला, आणि अजूनही सगळ्यांना 'होऊन जाईल'च म्हणतो.

साहेब चांगले होते, असं माझं म्हणणं नाही. एकदा पाय ओढत चालणाऱ्या शिपायाची त्यांनी नक्कल केली. माणूस दारात उभा, आणि साहेब त्याच्यासारखा पाय ओढत टेबलाभोवती फिरताहेत. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी शिंगाड्यांची अख्खी पुडी नेऊन त्याच्या स्टुलावर ठेवली. त्यानं ती उचलली आणि सगळ्यांदेखत खिडकीबाहेर भिरकावली. साहेब पाहत होते. माफी मागणं त्यांना येत नव्हतं. आपण वाईट वागलो हे त्यांना कळायचं, पण त्याचं पुढं काय करायचं ते कळायचं नाही.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. हस्ताचं पाणी म्हणजे आमच्या धानाचा जीव. आमच्या गावचा तलाव जुना, मालगुजाराच्या काळातला. त्याच्या मातीच्या बांधाला, पाळीला, लागून गावकऱ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, आणि अगदी खाली, शेवटाला, टोलीतल्या लोकांच्या. ही टोली छप्पन साली बौद्ध झालेल्या घरांची. पाणी सोडलं की वरची बांधी भरून मग खालच्या बांधीत उतरायचं, ही पूर्वापारची रीत. भरपूर पाणी असलं तर ते टोलीपर्यंत पोचे. कोरड्या वर्षी नाही. आदल्या अशाच एका कोरड्या वर्षी पाळीवर काठ्या चालल्या होत्या आणि टोलीतल्या एकाचा हात कायमचा गेला होता. केस झाली. साक्षीला कोणी उभं राहिलं नाही.

या वेळी टोलीवाले पाळीवर न जाता सरळ कचेरीत आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. त्यांचा धान हलका, लवकर येणारा. लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या. आठवडाभरात पाणी मिळालं नाही तर दाणाच भरणार नव्हता. गावाचा धान भारी, उशिरा येणारा. शिवाय पाळीजवळच्या बांध्यांत तलावाची ओल झिरपते. गाव थोडं थांबू शकत होतं. पण तलावात पाणी इतकं कमी, की टोलीला दिल्यावर गावाला पुरेलच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतं.

साहेब मला घेऊन तलावावर आले. चपला हातात घेऊन बांध्याबांध्यांतून खालपर्यंत गेले, मूठभर माती उचलून दाबून पाहिली, टोलीतल्या बायांशी बोलले. परतताना आमच्या ओसरीवर चहा झाला. गावातली मोठी माणसं जमली होती. बाबा हसत म्हणाले, "साहेब, आमची पोरगी तुमच्या हाताखाली हाये. आता आमाले कायची चिंता?" सगळे हसले. मीही हसले. साहेब मात्र माझ्याकडे बघत राहिले, बराच वेळ. त्या नजरेचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी त्यांनी बडे बाबूंना आदेश सांगितला आणि सही केली. पाणी पाटानं थेट टोलीला, पहिले चार दिवस. वाटेतल्या बांध्यांची तोंडं बंद. त्यानंतर गावाला, जेवढं उरेल तेवढं. मी ऐकत होते. मग ते मला म्हणाले, "खुर्चीत बस."

मला वाटलं, रोजचा खेळ. बसले. साहेबांनी टॉवेल खांद्यावर टाकला, शिंगाड्यांची पुडी घेतली आणि बाहेर जाऊन अर्जदारांच्या बाकावर बसले. एका बाजूला गावातली माणसं, दुसऱ्या बाजूला टोलीतली, मध्ये हे. काठ्या फाटकाबाहेर ठेवायला लावल्या होत्या, पण माझ्या काकांच्या हातात काठी होती. आमचे काका तापट, त्यांना अडवायची शिपायाची हिंमत झाली नसावी. दार उघडलं आणि बाबा आत आले. मागोमाग बाकीचे.

"साहेब कोठी हायेत?" बाबांनी विचारलं.

बडे बाबूंनी हळूच बाहेर बोट दाखवलं. साहेब बाकावर बसून शिंगाडा सोलत होते. वर पाहिलंही नाही. बाबांना कळायला क्षणभर लागलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मला आठवतं, ते बसले नाहीत. टेबलासमोरची खुर्ची रिकामी होती तरी उभेच राहिले, कचेरीत उभं राहायचं असतं तसे.

"बोल मंग," ते म्हणाले.

'पाहू' म्हणावं, 'साहेब सांगतील' म्हणावं, उठून पळावं, सगळं मनात आलं. दारात टोलीतली माणसं उभी होती, त्यांत तो हात गेलेला माणूसही. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याला काही अपेक्षाच नव्हती, आणि ते मला सहन होईना.

"बाबा, पानी पयले टोलीले जाईन," मी म्हणाले. माझी बोली कुठून परत आली कोण जाणे. "चार दिवस. वाटेत कोनी बांधी फोडाची नाई. मंग आपला नंबर."

"अन नाई पुरलं तं?"

"नाई पुरलं तं आपल्या शेवटच्या बांध्या जातीन."

"आपल्या म्हंजे?"

"आपल्या. घरच्या पन."

काकांनी काठी आपटली. "पोरीच्या तोंडून सांगून राहिले आमाले! चला रे पाळीवर, पायतो कोन सोडते पानी!" मागची माणसं हलली. दारातली टोलीतली माणसंही हलली, मागे नव्हे, पुढे. एक स्टूल पडलं. बडे बाबू टेबलामागे सरकले. बाहेर बाकावर साहेबांची बोटं थांबली होती, पण ते उठले नाहीत. उठा ना हो, मी मनात म्हणत होते, उठा आणि ओरडा. ते उठलेच नाहीत.

बाबांनी हात वर केला, न वळता. सगळे थांबले. त्यांची नजर माझ्यावर होती. "तू सांगून राहिली का ते सांगून राहिले?"

"निकाल साहेबांचा हाये. सांगून मी राहिली."

बाबांनी काकांच्या हातातली काठी काढून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि बाहेर पडले. साहेबांच्या समोरून गेले, पण थांबले नाहीत.

दुपारी मी साहेबांबरोबर पाळीवर पोचले तेव्हा अख्खं गाव जमलेलं होतं. तलावातल्या तुडुमाला, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी नळाला, लाकडी बूच असतं. ते पाण्यात उतरून काढावं लागतं. कोणी उतरेना. टोलीतला माणूस उतरला असता तर गावातल्यांचं डोकं फिरलं असतं. बाबा पाळीवर बसले होते. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू उतर." काका बघतच राहिले. बाबा पुन्हा म्हणाले, "उतर म्हनलं नं." काका शिव्या घालत कपडे काढून उतरले आणि बूच उपसलं. पाटाला पाणी लागलं. टोलीतल्या बाया पाण्याच्या बरोबरीनं पाटाच्या काठानं चालत गेल्या, कोणी आनंदानं ओरडलं नाही. पुढचे दिवस बाबा पाळीवरच बसून राहिले. भाकर तिथंच जाई. एकही बांधी फुटली नाही.

टोलीचा धान वाचला. आमच्या घरच्या शेवटच्या तीन बांध्या पोचट निघाल्या. गावातल्या इतरांचंही नुकसान झालं, कोणाचं कमी, कोणाचं जास्त.

आणि बाबा माझ्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, मारलं नाही, कॉलेज बंद केलं नाही. फक्त बोलत नसत. काही सांगायचं असलं तर मायकडे बघून म्हणत, "तिले विचार, भंडाऱ्याले कवा जाते." मी समोर उभी. दिवाळी तशीच गेली. मी रडले, भांडले, एकदा त्यांच्या समोर जाऊन बसले. ते उठून गोठ्यात गेले. गावापुढं त्यांचं नाक कापणारी मी, त्यांचीच पोरगी, हे मला कळत होतं. पण मग काठी काढून कोणी घेतली? बूच काढायला कोणी लावलं? त्याचा जाब ते कोणाला देत नव्हते, मलाही नाही.

हिवाळी अधिवेशन लागलं तसे बाबा नागपूरला गेले. दोन दिवसांनी परत आले आणि आठवड्याभरात साहेबांच्या बदलीचा हुकूम आला. सिरोंचा, पार आंध्रच्या सीमेवर, जंगलात. आमच्या भागातले अधिकारी एवढे कशालाच घाबरत नसत. कोणी केलं, हे विचारायची गरज नव्हती.

ते जायला निघाले त्या दिवशी मी वरठीच्या स्टेशनवर गेले. कचेरीतलं कोणीही आलं नव्हतं. साहेब एका पत्र्याच्या पेटीवर बसले होते, एकटे, टॉवेल गळ्याशी. मी म्हणाले, "साहेब, हे माझ्या बाबांनी केलं."

"माहीत आहे. होणारच होतं."

"मग निकाल तुम्हीच का नाही सांगितलात? मला का बसवलंत खुर्चीत?" माझा आवाज चढला. "मला वाटलं, तुम्ही मला शिकवताय. विश्वास टाकलात माझ्यावर, असं वाटलं."

ते नक्कल न करता बोलले. इतक्या दिवसांत त्यांचा स्वतःचा आवाज मी बहुतेक पहिल्यांदा ऐकत होते. "मी सांगितलं असतं तर तुझे वडील काठीला आडवे आले नसते. येऊच शकले नसते, गावानं त्यांना सोडलं नसतं. पुढं पाळीवर एखादा मेला असता, आणि तो टोलीतलाच असता. तू खुर्चीत होतीस म्हणून ते आडवे आले. तुझ्या अंगावर काठी येऊ देणार नाहीत, एवढा हिशोब मी तुमच्या ओसरीवर चहा पिताना केला होता."

"म्हणजे मला पुढं केलंत."

"हो. पुढं केलं."

एवढंच. चुकलो म्हणाले नाहीत, बरोबर केलं असंही म्हणाले नाहीत. मला त्यांच्या पेटीला लाथ मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी पाटाच्या काठानं चालणाऱ्या त्या बाया डोळ्यांपुढं आल्या. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला आज म्हातारी झाले तरी कळलेलं नाही. पुढं मीही पंचायत समितीवर निवडून आले, माणसं कुठं कुठं पुढं करावी लागली. प्रत्येक वेळी त्यांचाच राग आला.

पॅसेंजर आली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पेटी आत ढकलली. ते दारात, दांडीला धरून उभे राहिले. गाडी सुटली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, मीही नाही.

मी घरी पोचले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. माय भाकरी टाकत होती. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि न बोलता आत जाऊ लागले.

"गेले का ते?" बाबा म्हणाले.

मायचा हात तव्यावर थांबला. बाबा मायकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"गेले."

"गाडीत बसाले जागा भेटली का?"

"नाई. उभेच गेले. दारात."

बाबांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग त्यांनी आपल्या शेजारचा पाट हातानं पुढं सरकवला आणि म्हणाले, "बस. जेव."